दोन चाकं आणि एक शेंग

आमची आत्या पाट्या बनवते. पूर्वी ब्रशने रंगवायची, आता कॉम्प्युटरवर आकार काढते आणि मशीन ते रंगीत स्टिकरमधून कापतं. हात माऊसवर, चष्मा नाकाच्या टोकावर आणि तोंड कायम चालू. तिच्यासमोर ब्र काढायची हिंमत फक्त तिच्या दोन धाकट्या भावांत आहे. एक माझे बाबा, दुसरा काका.

दोघांचं मिळून सायकलदुरुस्तीचं एकच दुकान. पाटी अर्थातच आत्याची: एक लाल चाक, एक निळं, एकमेकांत जरा घुसलेली. परवा हवा भरायच्या पंपावरून दोघांचं वाजलं आणि दुकानाच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं. आत्याचा जीव तुटत होता, पण तिचं ऐकतो कोण? दोघे थेट तिच्याकडे हजर.

"ताई, पाटी वेगळी कर," बाबा म्हणाले. "लाल चाक माझं, निळं ह्याचं."

"करते की," आत्या म्हणाली. इतकं गोड ती कधीच बोलत नाही. मला तेव्हाच शंका आली.

तिने लाल चाक निळ्यावर ठेवून त्यातून वजा केलं. लाल अख्खं राहिलं, निळ्याचा लचका गेला.

काका उसळला, "माझं चाक कुरतडलंस!"

मग तिने उलट केलं. आता लचका बाबांचा.

"मी थोरला, आणि मलाच तुटकं?"

शेवटी तिने दोन्ही कापली. दोन चंद्रकोरी झाल्या आणि मधे बदामासारखा एक तुकडा उरला.

"हा कोणाचा?" आत्याने विचारलं.

"माझा!" दोघे एकदम.

"मग मिटलंच. कॉम्प्युटर एका तुकड्याचे दोन करत नाही."

हे धादांत खोटं. चाकाची नक्कल काढणं हे शेंबड्या पोरालाही जमतं, फक्त सायकलवाल्यांना ठाऊक नसतं. मी तोंड उघडणार, तोच आत्याने डोळे वटारले. "तू चहा टाक." मी मुकाट्याने टाकला.

चहाला उकळी येईपर्यंत इकडे दोघे उकळले. "जमत नाही तर तसं सांग! आम्ही दुसऱ्याकडे जातो," म्हणत तरातरा निघाले, तेही एकाच सायकलवर. आत्याचा चेहरा पडला. दुसरा पाटीवाला हे काम चुटकीसरशी करणार, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने चहाला हातसुद्धा लावला नाही.

थोड्या वेळाने दोघे परत आले, धुमसत.

"झालं काम?" आत्याने हळूच विचारलं.

"कसलं काम!" काका ओरडला. "पाटीचा फोटो बघून म्हणतो, ही चाकं कोणी काढलीत? धड गोलसुद्धा नाहीत!"

"मी त्याची कॉलरच धरली," बाबा म्हणाले. "आमच्या ताईने काढलीत म्हटलं! ह्याने आवरलं म्हणून वाचला."

"आवरलं कुठे? मी दुसऱ्या बाजूने धरत होतो."

आत्या आधी खो खो हसली, मग चक्क रडली. नाक पुसून तिने तिन्ही तुकडे निवडले आणि जोडायचं बटण दाबलं. मधल्या रेघा गेल्या, एकच आकार उरला. रंग कोणाचा, हा वाद नको म्हणून हिरवा दिला.

पाटी लागली, भिंत बारगळली. फक्त जोडलेली चाकं आता हुबेहूब भुईमुगाच्या शेंगेसारखी दिसतात. काल एकाने दारात थांबून विचारलं, "शेंगा कशा दिल्या?"

बाबा पाना घेऊन त्याच्यावर धावले. काकाने मागून त्यांच्या दुसऱ्या हातात पंप दिला.