ठकीची पाठवणी

पोळा जवळ आला, की दुकानांतून बैलांची शिंगं रंगवायच्या ऑइलपेंटचा वास सुटतो आणि मला तीर्थपुरीच्या त्या मावशी आठवतात. त्यांच्याकडे ठकी होती, म्हणजे आपली जुनी लाकडी बाहुली. त्यांची आईही तिच्याशीच खेळलेली. मी तेव्हा अशा बाहुल्या नुकत्याच जमवायला लागले होते. ठकीचं नाक झिजून सपाट झालं होतं, चेहऱ्यावर रंगाचा टिपूस नव्हता आणि मला ती तशीच हवी होती. किती पोरींनी तिला छातीशी धरून झोपवलं, ते त्या झिजेतच तर दिसतं. "पोळा होऊ द्या, मंग न्या," मावशी म्हणाल्या. पोळ्यानंतर गेले, तर ओसरीवर ठकीचं तोंड बैलाच्या शिंगासारखं लालभडक चकाकत होतं. "मावशी, हे काय केलंत!" मी ओरडलेच. त्या तिच्या पुढ्यात तांदूळ, खोबरं मांडत होत्या. "मंग? तसल्या तोंडानं धाडू का सासरी? लोकं म्हणतील, पोरीला माहेरच न्हाई." त्यांनी ठकीची ओटी भरली, ती माझ्या पदरात घातली आणि आत निघून गेल्या, त्या मला निरोप द्यायलाही बाहेर आल्या नाहीत. आता माझं कपाट बाहुल्यांनी भरलंय. जाणकार येतात, ठकीचा रंग खरवडून काढा म्हणतात. मी साफ नाही म्हणते. बाकीच्या सगळ्या मला भंगारात सापडल्या. हिला कुणीतरी रडून पाठवलंय.