डाव्या बाजूचे ओरखडे

रंग लावून पोट भरणारा माणूस गिऱ्हाइकाला 'रंग लावू नका' म्हणून परत पाठवतो, हे मी फक्त अहेरीत पाहिलं. त्यांना सगळे डेंटरभाऊ म्हणत. गाड्यांचे पोचे काढायचे आणि रंग मारायचा, हा त्यांचा धंदा. पण गाडी दुकानापुढे उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला, "ठेवून राह्यले का इकून राह्यले?" ठेवणार म्हटलं तर काम लगेच सुरू. विकणार म्हटलं की ते हात पुसत सांगत, जशी आहे तशी दाखवा, आणि पुन्हा आपल्या स्टुलावर जाऊन बसत.

मी तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होते, म्हणून त्यांच्या लेखी सिस्टरबाई. माझी छोटी लाल गाडी पहिल्यांदा त्यांच्याकडे नेली, तेव्हा मी दाखवलेला पोचा त्यांनी पाहिलाच नाही. डोळे मिटून गाडीभोवती तळहात फिरवत गेले आणि थांबून म्हणाले, तुम्ही कोपर खिडकीबाहेर ठेवून चालवता. काठावरचा रंग तिथे उडाला होता, हे मला तोवर माहीत नव्हतं. बॉनेटवरचा खड्डा मात्र त्यांनी माकडाच्या नावावर टाकला. तिथे जांभळं काढायला मीच चढले होते, हे सांगितल्यावर ते इतके हसले की पुढे आठवडाभर दिसेल त्याला सांगत होते. मला तेव्हापासून त्यांचा नादच लागला. दुसऱ्यांच्या गाड्या आल्या तरी मी उगाच उभी राहायची, आता हे काय ओळखतात ते पाहायला.

आमच्याकडचे रस्ते अरुंद. समोरून खनिजाचा नाहीतर बांबूचा ट्रक आला की लहान गाडीने डावीकडे उतरून झुडपांत शिरायचं. म्हणून डावी बाजू काट्यांनी ओरखडलेली आणि उजवी साफ असेल, तर चालवणारा वाट देणारा आहे असं डेंटरभाऊ म्हणत. उजवी ओरबाडलेली दिसली तर तो घुसणारा. जुनी गाडी घेणारे लोक त्यांचा शब्द घेतल्याशिवाय पैसे काढत नसत.

नागपूरला आईला अर्धांगवायू झाला आणि तिसऱ्या अर्जावर मला तिकडची बदली मिळाली. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. गाडी विकून आलेल्या पैशांतून आईजवळ दिवसभराची बाई ठेवायची, असं मी ठरवलं होतं. गाडी घेऊन डेंटरभाऊंकडे गेले. त्यांनी चाकाजवळचा गंज खरवडून काढला, पिवळे पडलेले दिवे घासून लख्ख केले, वायपर बदलला. डाव्या बाजूच्या ओरखड्यांना मात्र हात लावला नाही. "जे चालवणाऱ्याले त्रास देते ते सुधरवा, बाई. जे पाहणाऱ्याले त्रास देते ते राहू द्या."

वॉर्डातल्या मावशींना हे पटलं नाही. मुलगी दाखवताना आपण पावडर लावतोच की, म्हणाल्या. मला घाई होती, म्हणून मला मावशींचं पटलं. कामानिमित्त चंद्रपूरला गेले तेव्हा तिथल्या एका गॅरेजात डावी बाजू नवी करून आणली. मग दवाखान्यात जायला मागच्या गल्लीतून वळसा घेऊ लागले. अहेरीत डेंटरभाऊंना चुकवणं म्हणजे रोज दहा मिनिटं उशीर.

सिरोंच्याकडचे एक गुरुजी गाडी पाहायला आले. बायकोला सातवा महिना होता आणि वेळेला दवाखाना गाठेल अशी गाडी त्यांना हवी होती. ते एकदा उजवीकडून फिरले, एकदा डावीकडून. मग हळूच विचारलं, एकच बाजू नवी कशी, कुठे धडकली होती का? मी शपथा घेतल्या, पण त्यांचा चेहरा बदलला नाही. डेंटरभाऊंना दाखवू आणि मग ठरवू, म्हणाले. त्यांच्याबरोबर जाण्याशिवाय माझ्यापुढे इलाज नव्हता.

डेंटरभाऊंनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. गुरुजींना ते म्हणाले, "गाडी माह्या ओळखीची आहे. रंग नाई." मग आतून जुन्या स्पीकरचा लोहचुंबक आणून त्यांनी दोन्ही दारांवरून फिरवला. तो सगळीकडे घट्ट चिकटला. आत खड्डा बुजवणाऱ्या पुट्टीचा जाड थर नाही, पत्रा शाबूत आहे, हे गुरुजींना दिसलं, पण त्यांची मान काही डोलेना. तेव्हा डेंटरभाऊंनी मला विचारलं, घासू का? मी हो म्हटलं. ओला पॉलिश पेपर घेऊन ते दारावरचा तो चकचकीत रंग घासू लागले. वीतभर जागेत खालचा जुना लाल रंग उघडा पडला आणि त्यात काट्यांच्या आडव्या रेघा दिसू लागल्या. गुरुजी वाकून त्यावरून बोट फिरवत राहिले. सौदा तिथेच झाला. घासलेली जागा रंगवून देऊ का म्हटल्यावर ते नको म्हणाले.

निघायच्या दिवशी डेंटरभाऊंचा निरोप घ्यायला गेले. ते रागावतील अशी तयारी करून गेले होते. त्यांनी चहा मागवला, आईची चौकशी केली आणि मी उठल्यावर म्हणाले, "माहं आइकलं नाई, त्याचं काई नाई. गाडी तुमची. पण मले सांगाले काऊन भेल्या?"

बस लागली होती, मी निघाले. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं मावशींनी फोनवर कळवलं, आणि उत्तर द्यायचं राहूनच गेलं. आता नागपूरच्या वॉर्डात एखादी बाई आधी कुठे झाडपाला घेतला ते लपवते आणि तपासणीत ते उघडं पडतं. पूर्वी मी अशा बाईवर खेकसायची. आता स्टूल ओढून तिच्याजवळ बसते आणि विचारते, मला सांगायला का घाबरलीस?