सासूबाईंबरोबर उतरलेला घाट

लग्नाला दोन वर्षं झाली होती. नाशिकजवळच्या मळ्यातून भाजी बाजारात न्यायला आमच्याकडे एक जुनी जीप होती. नवऱ्याने मला ती चालवायला शिकवलं. सासूबाईंना ते रुचलं नव्हतं. मी चालवत असले की त्या गाडीत बसायच्या नाहीत.

नव्याण्णव साली दिवाळीनंतर निरोप आला. सुरगाण्याकडे राहणारी त्यांची थोरली बहीण पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. या मावशींचे यजमान तिकडच्या शाळेत मास्तर होते, निवृत्तीनंतरही दोघं तिथेच राहिले. घाटातला रस्ता पावसाने वाहून गेला होता, एसटी बंद होती. नवऱ्याचा हात प्लास्टरमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चांगलं लुगडं नेसून जीपमध्ये जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चल."

घाटात डांबर संपलं. पुढे नुसते सुटे दगड आणि पाण्याने पाडलेल्या घळी. पहिल्या गिअरमध्ये मी हळूहळू उतरत होते. एका वळणावर अर्धा रस्ताच दरीत गेलेला दिसला. मी थांबले. मी त्यांना म्हटलं, की तुम्ही उतरा, पलीकडे जाऊन थांबा.

त्या उतरल्या, पदर खोचला आणि जीपच्या पुढ्यातच उभ्या राहिल्या. वाटेतले दगड पायाने सारत, माझ्याकडे तोंड करून उलट्या चालू लागल्या. चाक किती वळवायचं ते हाताने दाखवत होत्या.

"आई, बाजूला व्हा. गाडी घसरली तर?"

"मी समोर असले म्हणजे तू जपून चालवशील," त्या म्हणाल्या.

एकदा मागचं चाक सरकलंच. मी ब्रेक दाबून धरला. त्या जागच्या हलल्या नाहीत. हातभर पुढे, पुन्हा थांब, असं करत आम्ही ते वळण पार केलं. त्या आत येऊन बसल्या आणि पदराने माझ्या कपाळावरचा घाम पुसला. मग मला रडू आलं. रडणं थांबेपर्यंत त्यांनी घाई केली नाही.

मावशी खाटेवर होत्या. कुणी आणलं, असं त्यांनी विचारलं. "सुनेनं," सासूबाई म्हणाल्या. "चांगली चालवते."

दुसऱ्या दिवशी मावशींना जीपमध्ये मागे गाद्यांवर निजवून त्याच घाटाने वर आणलं. नाशिकला ऑपरेशन झालं आणि मावशी नि त्यांचे यजमान दोघं आमच्याकडेच राहिले. होळीला मावशी काठी टेकत स्वयंपाकघरात आल्या आणि खुर्चीवर बसून त्यांनी सगळ्यांसाठी पोळ्या लाटल्या.