मागल्या दाराची कडी

"आवतान आपन द्यायचं रे. येनं न येनं ज्याच्या त्याच्या मनावर." असं म्हणून आक्का टेबलावर दोन बोटं टकटक वाजवायच्या. म्हणजे विषय संपला.

महाडच्या स्टँडवर उतरून छत्री आणि कापडी पिशवी सांभाळत चालणारी एक उंच बाई तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. त्याच या आक्का. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला त्यांचं माहेरचं घर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून त्या तिथेच परतल्या होत्या. आमसुलं, नाचणीचे पापड, कुळथाचं पीठ करून विकायच्या. त्यांचं ऑनलाइन दुकान मी उभं करून दिलं. महाडात वेबसाइट बनवणं हा माझा धंदा, आणि तो कसा चालतो ते विचारू नका.

दुकानाला थोडी गिऱ्हाइकं लागल्यावर मी म्हटलं, "आक्का, पानाच्या तळाला एक चौकट टाकू. ज्याला हवं तो ईमेल लिहील. त्याला महिन्याला एक पत्र जाईल. नवीन काय आलंय, एवढंच."

"आनि गाव?"

"गाव कशाला? रकाने वाढले की माणसं पळतात."

"गाव नाय सांगितलं तर मानूस कळनार कसा रे?"

गावाचा रकाना आला. एकाने त्यात 'न्यू जर्सी, मूळ तुडील' असं लिहिलं, तर "तुडीलच्या कुनाच्यातला?" हे विचारायला आक्कांनी मला त्याला वेगळं पत्र लिहायला लावलं. नाव नोंदवल्यावर आपोआप जो निरोप जातो, त्यात मी 'धन्यवाद, आपली नोंदणी झाली' असं घातलं होतं. त्यावर त्यांनी नाक मुरडलं. "बँकेत आलो काय आपन? लिही, नाव पोचलं. आता घर तुझं हाय. कधीपन ये."

"गिऱ्हाइकाला अरेतुरे?"

"घरच्याला अहो म्हनतात काय?"

यादीतलं पहिलं नाव मात्र ज्याचं त्याने लिहिलेलं नव्हतं. ते आक्कांच्या धाकट्या भावाचं होतं. तो मुंबईत असतो. आई गेली तेव्हा तो सगळं उरकल्यावर पोचला आणि चार माणसांत आक्का त्याला म्हणाल्या, "आता कशाला आलास?" तो अंगणातूनच माघारी फिरला. त्यानंतर त्याने त्यांचा फोन कधी घेतला नाही. एका भाच्याकडून त्याचा ईमेल मिळवून त्या माझ्याकडे आल्या. मी सांगितलं, नाव स्वतःचं स्वतःच घालायचं असतं, तसा नियम आहे.

"आवतान कुनी मागून घेतं काय?" टकटक.

पत्र त्या तोंडी सांगायच्या, मी टाइप करायचो. शेवटची ओळ दर महिन्याला तीच: 'मागल्या दाराला कडी नाय.' लहानपणी भाऊ उशिरा घरी आला की त्याला आईचा मार बसू नये म्हणून आक्का मागल्या दाराची कडी काढून ठेवायच्या. हे गिऱ्हाइकांना कुठून कळणार? पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, दाराच्या कड्याही विकता का? आक्का पोट धरून हसल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "त्यानं उघडलं काय रे?" कुणी पत्र उघडलं ते मला संगणकावर दिसायचं. मी पडद्यावर बघितलं. उघडलं नव्हतं.

वर्षभराने पत्रं पोचवणाऱ्या कंपनीची सूचना आली. जे उघडतच नाहीत त्यांची नावं काढा, नाहीतर तुमची सगळीच पत्रं कचऱ्यात जातील. आक्कांना विचारलं.

"बंद घराच्या उंबऱ्यावर पन अक्षता ठेवतात रे. घर बंद हाय म्हनून कुनी वगळतं काय?"

मी मान डोलावली आणि त्या घरी गेल्यावर चाळीसेक नावं काढून टाकली. पहिलं नावही. तेव्हा मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. पुढेही त्या दर खेपेला विचारायच्या, "उघडलं काय?" मी नाही म्हणायचो. हे काही खोटं नाही, असं मी मनाशी म्हणायचो.

श्रावणात आक्का आजारी पडल्या आणि आठ दिवसांत गेल्या.

तेरावं झाल्यावर एक माणूस ऑफिसात आला. डोक्याचे केस काढलेले, आक्कांसारखाच उंच.

"आक्काची पत्रं तुम्हीच पाठवत होता ना?"

"तुम्ही तर एकही उघडलं नाहीत," माझ्या तोंडून गेलं.

त्याने फोन पुढे केला. सगळी पत्रं त्याने वेगळी जपून ठेवली होती. पापडांचे फोटो मात्र एकाही पत्रात दिसत नव्हते. नेट वाचवायला त्याने चित्रं बंद ठेवली होती. चित्र उतरलं नाही की वाचलेलं पत्रही आम्हाला न उघडलेलंच दिसतं. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं.

"मे महिन्यात येनार होतो," तो म्हणाला. "रजा पन टाकली होती. मग पत्र यायचंच बंद झालं. मला वाटलं, आक्कानं कडी लावली."

कडी मी लावली होती. तसं मी त्याला सांगितलं. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो फोनवरची पत्रं पुन्हा वर-खाली सरकवत राहिला.

"नाव परत टाकता येईल?" त्याने विचारलं.

आता पत्र कोण लिहिणार, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी संगणक त्याच्याकडे वळवला. त्याने त्या चौकटीत स्वतःच्या हाताने नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि बटण दाबलं. लगेच त्याच्या हातातला फोन वाजला.

नाव पोचलं. आता घर तुझं हाय. कधीपन ये.