दत्ताण्णांचा स्टोव्ह आणि मसाईचा वारा

दत्ताण्णांचा एक किस्सा सांगून उठावं म्हटलं, की कुणीतरी हमखास म्हणतं, "आणि तो पत्र्याचा?" झालं, परत बूड टेकावं लागतं!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत आम्ही पाचसहा जण कामाला. दत्ताण्णा आमचे फोरमन. आठवडाभर भट्टीसमोर भाजून निघालो की सुट्टीला एस.टी.नं पन्हाळा, आणि पुढं चालत मसाईचं पठार. पाठीवर तंबू, आणि अण्णांच्या हातात पितळी पंपाचा स्टोव्ह. पठारावर ना झाड, ना भिंत. नुसता वारा!

*

पहिल्याच खेपेला अण्णांच्या पत्नी, मालूवहिनी, म्हणाल्या, "तिथं स्टोव्ह टिकायचा न्हाय. थर्मास भरून देते."

"थर्मासातला चहा काय चहा हाय व्हय? मी वाऱ्यात करून पिणार!"

पठारावर पोचलो. काड्यापेटी संपत आली तरी स्टोव्ह पेटेना. अण्णांनी आम्हाला खांद्याला खांदा लावून भोवती उभं केलं. आमचीच भिंत! पेटला एकदाचा. तेवढ्यात वारा फिरला आणि जाळ थेट आमच्यातल्या शंकरच्या पॅन्टला.

"अण्णा, पेटलो!"

"हलू नगोस! उकळी येतीया!"

*

पुढच्या खेपेला अण्णांनी बिजागऱ्या लावून पत्र्याचा घडीचा आडोसा बनवला. मोठ्या ऐटीत उभा केला. वाऱ्यानं तो उचलला आणि दिला उतारावर भिरकावून.

थोड्या वेळानं एक धनगर पत्रा डोक्यावर घेऊन वर आला. "पावणं, छप्पर तुमचंच न्हवं? आन् घर कुठं गेलं?"

"घर आणायचं ऱ्हायलंय," अण्णा म्हणाले. "पुढच्या बारीला आणतो!"

*

आणि खरंच आणलं की! चारी बाजूंनी पत्रा, त्याला बाहेरून दगड. वारा आत शिरायची सोय नाही. अण्णा खूश. पण आतली गरमी जाणार कुठं? टाकी तापली, स्टोव्हचा आवाज बदलला. आम्ही सगळे मागं सरलो. एकट्या शंकरनं हाताला पंचा गुंडाळला, आत हात घातला आणि हवा सोडायची चावी सैल केली. फुस्स!

टाकी वाचली, पण शंकरचा हात भाजला. अण्णांचा चेहरा पांढराफटक. कळशीतलं पाणी ते त्याच्या हातावर ओतत राहिले. कुणीतरी हळूच म्हणालं, "आता थर्मासच आणूया का?"

भाजलेला शंकरच म्हणाला, "का म्हणून? वाऱ्याकडची बाजू तेवढी बांधू. बाकी मोकळी ठेवू, टाकीला हवा लागू दे. पण चहा हितंच हुणार!"

टाकी गार झाल्यावर स्टोव्ह परत पेटवला. पहिला कप अण्णांनी स्वतःच्या हातानं शंकरच्या तोंडाला लावला.

*

एकदा पठारावर पुण्याची एक पार्टी भेटली. त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, एवढ्या वाऱ्यात स्टोव्ह पेटणं शक्य नाही."

"आम्ही वाऱ्याला इचारलंच न्हाय!" अण्णा म्हणाले.

थोड्या वेळानं तेच गृहस्थ रिकामा कप घेऊन आले. त्यांच्या थर्मासातला चहा कोमट झाला होता.

*

मग एका वर्षी अण्णांच्या छातीत कळ आली. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, "डोंगर बंद." आम्हाला वाटलं, संपलं.

सुट्टीच्या दिवशी भेटायला गेलो, तर मालूवहिनी दारातच कपाळाला हात लावून. "बघा जावा वरती!"

गच्चीवर तंबू ठोकलेला. पत्र्याचा आडोसा, मागं स्टोव्ह, त्यावर आधण. आणि आडोशासमोर, खालून वायर ओढून आणलेला टेबल फॅन घरघरतोय!

"अण्णा, हे काय?"

"मला वर जायला बंदी हाय. वाऱ्याला खाली यायला कुठं हाय?"

इतक्यात डॉक्टर तपासायला आले. तंबू बघितला, स्टोव्ह बघितला. डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली, फॅनजवळ गेले, वाकून त्याचं बटण बघितलं.

"एकवरच हाय की!" म्हणाले. "तीनवर करा, मग बघू!"