फक्कीच्या घरात म्हैस

सकाळी साइटवर पोचलो तर प्लॉट नंबर सातमध्ये म्हैस बांधलेली. तीही मी आखणीसाठी ठोकलेल्या खुंटीला.

शेजारच्या आठमध्ये रमजानभाई पिंजाऱ्यांची बाज आणि तिच्यावर डोक्यावरून पांघरूण घेतलेले रमजानभाई. नऊमध्ये हौसाक्का तीन दगडांवर चहा उकळत होती. पलीकडं कुणी तुळस आणलेली, कुणी कोंबड्यांचं खुराडं. आदल्या दिवशी मी निघालो तेव्हा इथं नुसत्या पांढऱ्या रेघा होत्या.

"ये रं भंडारेकर," हौसाक्का म्हणाली. "चपला भाईर काढ. घर हाय."

एरवी हसलो असतो. पण त्याच दुपारी सर्कल साहेब यायचे होते.

आधी माझं काम सांगतो. कराडच्या एका आर्किटेक्ट मॅडमच्या ऑफिसात मी साइट असिस्टंट आहे. गाव भंडारा जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. नववीत शाळा सुटली. कामावर घेताना मॅडमनी मार्कशीट मागितली नाही. "दोरी ताणून धरता येते का?" एवढंच विचारलं. ते उपकार मी विसरलेलो नाही. आणि त्यांना कधीतरी मार्कशीट आठवेल ही धास्तीही गेलेली नाही.

तासगावकडच्या या गावाला गावठाण वाढवून हवं होतं. गावठाण म्हणजे गावातली घरांची जागा. जुनी जागा भरली, म्हणून ग्रामपंचायतीनं ओढ्यापलीकडचं गायरान, म्हणजे चराईची सरकारी जमीन, मागितली होती. मॅडमची पद्धत अशी की ऑफिसात बसून नकाशा पक्का करायचा नाही. तो गावासमोर, खऱ्या मापानं, जमिनीवर फक्कीनं आखायचा. फक्की म्हणजे शाळेच्या मैदानावर मारतात ती पांढरी पूड. मग लोकांनी त्या रेघांत फिरायचं, बसायचं आणि काय जमत नाही ते सांगायचं. कोणता प्लॉट कुणाचा, ते सगळ्यात शेवटी, चिठ्ठ्या टाकून.

ग्रामसभेत मॅडम म्हणाल्या होत्या, "येताना घरातली बाज आणा. ठेवून बघा, म्हणजे खोली केवढी ते कळेल."

गावानं ऐकलं. पण गायरानात बाज टाकली की ताबा आला, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. एकानं टाकलेली बाज संध्याकाळी उचललीच नाही. ते बघून दुसऱ्याला वाटलं, आपण मागं राहू. मी मुक्कामाला निघून गेलो आणि मागं सगळा लेआउट राहायला आला.

सर्कल म्हणजे तलाठ्याच्या वरचे अधिकारी. ते जागेची पाहणी करून पंचनामा लिहिणार होते. त्यात 'जागा मोकळी' असं आलं तर प्रस्ताव पुढं जाणार. 'अतिक्रमण' आलं तर फाइल कुठं जाऊन झोपेल ते सांगता येत नाही.

मॅडमना फोन लावला. त्या पुण्यात मीटिंगमध्ये होत्या, उचलला नाही. मग म्हशीच्या मालकाकडं गेलो. सुभेदार तात्या, मिलिटरीतून रिटायर झालेले.

"तात्या, काढा ना जी म्हैस. सर्कल येऊन राहिले."

"आधी रमजानला उठीव."

पांघरुणातून आवाज आला, "मी उठलो की तुमची म्हस माझ्या घरात. मी वळीकतो तिला."

"गड्या, पोझिशन सोडायची न्हाई, ही ट्रेनिंग हाय आपली."

"आवं तात्या, ती बॉर्डरला. हितं माझी बाज हाय."

सगळीकडं हेच. उठायला तयार सगळे, पण पहिलं कुणी उठायचं नाही.

शेवटी हौसाक्कासमोर जाऊन बसलो. तिला घर नाही. एका बागायतदाराच्या बेदाण्याच्या शेडमध्ये ती राहते. द्राक्षं वाळवायचा हंगाम आला की शेड रिकामी करायची आणि संसार शाळेच्या व्हरांड्यात न्यायचा. प्रस्ताव अडकला तर बाकीचे जुन्या घरात दाटीवाटीनं राहतील. तिला परत व्हरांडा होता.

"आक्का, तुम्ही तरी उठा ना. तुमचं पाहून लोक उठतील."

तिनं माझ्या हातात चहा दिला. "उठंन की. पर लेकरा, मी उठल्यावर हितं दुसरं कोन बसलं तर? तू राखन बसणार हायस व्हय? ही रेघ हाय तवर न्हाई कुनी हलायचं."

चहा तसाच राहिला. बाजूच्या पाण्याच्या टाकीवर चढलो आणि मोबाईलवर सगळ्या साइटचे फोटो काढले. खाली आलो, आक्काचा खराटा उचलला आणि सात-आठमधली रेघ झाडायला लागलो.

"आरं आरं! माझी भित पाडली की ह्यानं!" तात्या ओरडले.

रमजानभाई उठून बसले. मी झाडत राहिलो. मॅडमचा नकाशा, माझी मेहनत, सगळं मातीत मिसळत होतं. कधीतरी मागं बघितलं तर आक्का पायानं नऊ नंबर पुसत होती. तोंडावर पदर होता. हसत होती का काय, कळलं नाही.

रेघा संपल्या, खुंट्याही उपटल्या, म्हैस चरत लांब गेली, तेव्हा उघड्या माळावर नुसत्या बाजा उरल्या.

"तात्या," रमजानभाईंनी विचारलं, "सात नंबर कुठला वो?"

तात्यांनी चहूकडं बघितलं. "हितंच हुता की कुठंतरी."

आधी बायका हसल्या, मग सगळेच. राखायला काही उरलं नाही म्हटल्यावर बाजा उचलायला वेळ लागला नाही.

साहेब आले तेव्हा जागा मोकळी होती. फक्त एका ठिकाणी ते थांबले. "हे शेण कसलं?"

"गायरान हाय साहेब," तात्या म्हणाले. "शेन न्हाई तर काय आसनार?"

साहेबांनी 'जागा मोकळी' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर उभा राहिलो. मनातल्या मनात बॅग भरलेली होती.

"सगळी आखणी पुसलीस? विचारायचं तरी."

"फोन नाही ना उचलला जी."

मी फोटो दाखवले. त्या बोटांनी मोठे करून बघत बसल्या. डांबरी रस्त्याकडची रांग आम्ही सगळ्यात चांगली समजत होतो. ती रिकामी होती. झाडून सगळ्या बाजा मधल्या कडुनिंबाच्या आजूबाजूच्या प्लॉटांत. आमच्या नकाशात त्या झाडावरून रस्ता जात होता.

"झाड राहू दे," मॅडम म्हणाल्या. "भोवती चौक सोडू, रस्ता वळवू. उद्या परत आख." मार्कशीटचा विषय निघाला नाही.

नव्या आखणीवर ग्रामसभेत सगळे हात वर झाले. पुढं मंजुरी आली, चिठ्ठ्या निघाल्या. हौसाक्काला चौकाच्या कोपऱ्यावरचा प्लॉट लागला. तिचा चौथरा भरून झालाय. "आदीचा बरा हुता," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आणि रोज संध्याकाळी चौथऱ्यावर पाणी मारते.

पद्धत आम्ही तीच ठेवली आहे. आता गावात फक्त खुर्च्या आणायला सांगतो. खुर्चीवर कुणी रात्र काढत नाही.