पूर्वेला दार काढलेलं चर्च

भूतबित मानणाऱ्यांची मी नेहमी टर उडवते, हे आधीच सांगून ठेवते. मी सुरतच्या नवागामात राहते, मूळची धुळ्याकडची. नवरा सुतार, मी लाकडाला पॉलिश मारते. लाकूड म्हणजे लाकूड... त्यात काय असणार?

कतारगामच्या एका हिरेवाल्या शेठनं रशियातल्या ओस पडलेल्या खेड्यातलं जुनं लाकडी चर्च विकत घेतलं. सुटं करून आणलं नि कामरेजच्या पुढं, त्याच्या फार्महाउसवर आम्हाला उभं करायला लावलं. ओंडक्यांची टोकं खाचा पाडून एकमेकांत बसवलेली, भिंतीत एक खिळा नाही. वर कांद्यासारखा घुमट, त्यावर लाकडाचेच खवले. काम देखणं होतं, खोटं कशाला बोलू.

सोबत आलेल्या रशियन सुतारानं मोबाईलवर भाषांतर करून बजावलं— दार पश्चिमेला, गाभारा पूर्वेला. लोक आत बसत नाहीत, पूर्वेकडं तोंड करून उभे राहतात. शेठ म्हणाला, "दरवाजो तो पूर्वमां ज. वास्तु जोवानुं के नहीं?" रशियन चिडून निघून गेला. आम्ही मुकाट्यानं उलटं उभारलं, दार पूर्वेला नि गाभारा पश्चिमेला. वर शेठला गाभाऱ्यात कॉफीचं काउंटर हवं होतं. मेल्याला लाज नाही.

भर दुपारी नवरा आत काउंटर ठोकत होता. मी डबा घेऊन आले, तर दार उघडेना. कडी तर अजून बसवलीच नव्हती. खांदा लावला, तर आतून रेटत होतं... एकजण नव्हे, एसटीच्या दारात गर्दी दाबते तसं. आतून नवरा ओरडला, "तू भाईर ऱ्हाय! येऊ नको!" त्याचा असा आवाज मी लग्नापासून ऐकला नव्हता.

मी कुऱ्हाड उचलली. काम बघायला आलेला शेठ आडवा आला, "अँटिक छे, बेन." त्याला ढकलून मागं पळाले, गाभाऱ्याची खिडकी फोडली नि नवऱ्याला ओढून काढलं. मग शेठनं दार लोटलं, ते सहज उघडलं. आत कुणी नव्हतं. वर माझ्याच नवऱ्यावर प्यायल्याचा आळ घेतला. आम्ही त्याच दिवशी काम सोडलं.

नवरा कित्येक दिवस धड जेवला नाही. मग एकदा चहा पिता पिता म्हणाला, "आत माणसं खचाखच भरलेली होती. सगळ्यांची पाठ माझ्याकडं."

तो गाभाऱ्यात होता, मी तर पूर्वेच्या दाराबाहेर होते. म्हणजे ती सगळी माझ्याकडं बघत होती, मधे फक्त फळी. याचा उलगडा आजतागायत झालेला नाही... आणि मला तो करूनही घ्यायचा नाही.